बावन्न गडांचा राजा संग्रामशहा

जबलपूर शहराच्या पश्चिम भागात गढा नावाची एक जुनी वस्ती आहे. आज ती शहरातच मिसळून गेली आहे. नवख्या माणसाला तेथे रस्ते, दुकाने आणि घरांची दाटी एवढेच दिसते. पण जरा मान वर करून पाहिले, की ग्रॅनाइटचे प्रचंड शिलाखंड एकमेकांवर रचून ठेवल्यासारख्या टेकड्या दिसू लागतात. त्यांपैकी एका शिलाखंडावर मदनमहाल ही लहानशी वास्तू उभी आहे. टेकड्यांच्या परिसरात संग्रामसागर नावाचा तलाव आहे आणि तलावाजवळ बाजनामठ हे भैरवाचे मंदिर आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, महाराजपूरच्या बाजूस गेले, तर आधारताल लागतो. राणी दुर्गावतीचा विश्वासू दिवाण आधार कायस्थ याचे नाव त्या तलावाने जपले आहे. ही सारी स्थळे ज्या राज्याची आठवण सांगतात, त्या गढा-मंडलाच्या गोंड राज्याला खऱ्या अर्थाने राज्याचे रूप देणारा पुरुष म्हणजे राजा संग्रामशहा होय.

राणी दुर्गावतीचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक असते. अकबराच्या सेनेशी लढताना तिने रणांगणात देह ठेवला. परंतु ज्या राज्यासाठी तिने प्राण दिले ते राज्य उभे कसे राहिले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. संग्रामशहा हा दुर्गावतीचा सासरा. त्याच्या चरित्रात पराक्रम आहे, बुद्धिचातुर्य आहे, विद्येची आवड आहे आणि त्याचबरोबर अंगावर काटा आणणारा एक अपराधही आहे. राज्य स्थापन करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यायचे असेल, तर हे चरित्र त्यातील उजेडासह आणि अंधारासह वाचले पाहिजे.

प्रथम हा प्रदेश पाहू. उत्तरेला विंध्याच्या रांगा, दक्षिणेला सातपुडा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी नर्मदा, अशी त्याची रचना आहे. नर्मदेच्या खोऱ्यात काळी, सकस जमीन आहे, तर दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर साल आणि सागाची घनदाट अरण्ये. गढ्यापासून जवळच, आज तेवर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी, कलचुरी राजांची त्रिपुरी ही राजधानी होती. कलचुरींनी काही शतके या भागावर राज्य केले. तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांची सत्ता मावळली आणि त्यानंतर दीर्घकाळ या प्रदेशाला एक धनी उरला नाही. डोंगरांत आणि अरण्यांत पूर्वीपासून राहणाऱ्या गोंड समाजातील निरनिराळ्या कुळांचे प्रमुख आपापल्या मुलखात सत्ताधीश झाले.

या सत्तेचा घटक होता गड. गड म्हणजे केवळ डोंगरावरचा किल्ला नव्हे. किल्ला, त्याच्या भोवतालची गावे, तेथील शेती, जंगल आणि पाणवठे मिळून एक गड होत असे. परंपरेनुसार काही गडांखाली ३६० गावे, तर काहींखाली ७५० गावे मोजली जात. गडाचा प्रमुख आपल्या कुळातील माणसांना सांभाळी, तंटे मिटवी आणि प्रसंगी सर्वांना घेऊन लढाईस निघे. एखादा बलाढ्य प्रमुख शेजारच्या गडांकडून खंडणी घेई. पण तो दुबळा पडला, की खंडणी बंद होई. अशा व्यवस्थेत पराक्रमी पुरुष अनेक निपजतात. मात्र त्या पुरुषाबरोबरच त्याची सत्ताही संपते.

गढ्याच्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. यादवराय अथवा जदुराय नावाचा एक तरुण गोदावरीच्या बाजूने चाकरीच्या शोधात नर्मदाकाठी आला. पुढे त्याने गढ्याच्या गोंड राजाच्या कन्येशी विवाह केला, सुरभी पाठक नावाच्या विद्वान ब्राह्मणाला आपला प्रधान नेमले आणि सासऱ्यामागून तो गादीवर बसला, असे ही कथा सांगते. हृदयशहा या राजाने मंडल्याजवळील रामनगर येथे इ.स. १६६७ मध्ये एक संस्कृत शिलालेख कोरविला. त्यात यादवरायापासून आपल्यापर्यंतच्या राजांची लांबलचक वंशावळ दिली आहे. परंपरा यादवरायाला चौथ्या शतकात नेऊन बसवते. परंतु इतिहासकारांना हा काळ मान्य नाही. कलचुरींच्या अस्तानंतरच, बहुधा चौदाव्या-पंधराव्या शतकांत, हे घराणे उदयाला आले असे ते मानतात. वंशावळीतील पहिली बरीचशी नावे केवळ नावेच आहेत. ज्याच्याविषयी अन्य साधनांतूनही माहिती मिळते आणि ज्याची कृत्ये पडताळून पाहता येतात, असा या घराण्यातील पहिला मोठा राजा संग्रामशहाच होय.

त्याचे मूळ नाव अमानदास. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गढ्यावर त्याचा पिता अर्जुनदास राज्य करीत होता. अमानदासाच्या तारुण्याची हकीकत आपल्याला प्रामुख्याने अबुल फजल याच्या अकबरनामा या फारसी ग्रंथातून कळते. त्या हकीकतीप्रमाणे अमानदास स्वभावाने उद्दाम होता. पित्याची आज्ञा तो मानीत नसे. संतापलेल्या अर्जुनदासाने त्याला कैदेत टाकले. पुत्राने पश्चात्ताप दाखविला, तेव्हा पित्याने त्याला मुक्त केले. परंतु त्याचे वर्तन सुधारले नाही. अखेर राजदंडाच्या भीतीने अमानदास घर सोडून उत्तरेकडील बघेल राजा वीरसिंह याच्या आश्रयास गेला. याच वीरसिंहाचा नातू रामचंद्र पुढे तानसेनाचा आश्रयदाता म्हणून ख्यातनाम झाला. वीरसिंहाने या परागंदा राजपुत्राला पुत्राप्रमाणे वागविले.

इकडे गढ्यात अर्जुनदासाने धाकटा मुलगा जोगीदास याला वारस करण्याचे मनात आणले. ही वार्ता कानी येताच अमानदास गुप्तपणे परतला, आईच्या महालात लपून राहिला आणि एका रात्री साथीदाराच्या मदतीने त्याने प्रत्यक्ष पित्याचा वध केला.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ही हकीकत लिहिणारा अबुल फजल हा मुघल दरबारातील ग्रंथकार होता. गढ्याचे राज्य मुघल सेनेने जिंकले होते आणि जिंकलेल्या राज्याच्या पूर्वजांविषयी जेत्याचा लेखक काय लिहितो, हे सावधपणे वाचावे लागते. घटना घडल्यानंतर अनेक दशकांनी त्याने ती लिहिली आहे. मात्र एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात अबुल फजलने दुर्गावतीच्या शौर्याची आणि कारभाराची मनापासून प्रशंसा केली आहे. गढ्याच्या घराण्याविषयी केवळ द्वेष असता, तर ही प्रशंसा त्याच्या लेखणीतून उतरली नसती. म्हणून पितृवधाची ही कथा डोळे मिटून स्वीकारूही नये आणि आपल्याला नकोशी वाटते म्हणून पुसूनही टाकू नये.

पुढे जे घडले ते या चरित्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. वधाची बातमी कळताच आश्रयदात्या वीरसिंहाला अतिशय क्रोध आला. ज्याला आपण पुत्र मानले तोच पितृघातकी निघाला, या विचाराने त्याने गढ्यावर चाल केली. अमानदासाजवळ सिंहासन होते, पण त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते. तो डोंगरांत पळून गेला. काही काळाने तो थोड्याशा माणसांनिशी स्वतःच वीरसिंहाच्या समोर आला, त्याच्या पायाशी बसला आणि त्याने क्षमा मागितली. वीरसिंहाने त्याला क्षमा केली आणि त्याचे राज्य त्याला परत दिले. यापुढे पित्याची आठवण निघाली, की अमानदास लोकांसमोर अश्रू ढाळीत असे. ते अश्रू खरे होते की राजकारणाचे, याविषयी अबुल फजलच्या मनातही शंका आहे.

त्या अश्रूंचा निवाडा आपण करू शकत नाही. परंतु या प्रसंगातून अमानदासाला एक गोष्ट निश्चितच उमगली असावी. गादीवर बसणे आणि राजा होणे यांत अंतर असते. शस्त्राच्या जोरावर गादी एका रात्रीत मिळविता येते. राजा म्हणून मान्यता मात्र इतरांनी द्यावी लागते. ती शेजाऱ्यांनी द्यावी लागते, आपल्या कुळातील माणसांनी द्यावी लागते आणि ज्यांच्यावर राज्य करायचे त्या प्रजेनेही द्यावी लागते. अमानदासाचे पुढील सारे आयुष्य म्हणजे ही मान्यता मिळविण्याचा दीर्घ उद्योग होता, असे त्याच्या कृत्यांकडे पाहून म्हणता येते.

त्याने पहिले काम हाती घेतले ते विखुरलेले गड एका छत्राखाली आणण्याचे. परंपरेप्रमाणे त्याला वडिलांकडून मोजकेच गड मिळाले होते. त्याने ते बावन्न केले. रामनगरचा शिलालेखही बावन्न दुर्गांचे श्रेय त्यालाच देतो. आजच्या जबलपूर, मंडला, दमोह, सागर, नरसिंहपूर, सिवनी, नर्मदापुरम आणि भोपाळ या जिल्ह्यांच्या मोठ्या भागावर हे गड पसरले होते. नर्मदेचे सुपीक खोरे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर प्रथमच एका गोंड राजाच्या हाती आले. खोऱ्यातून धान्य मिळे. अरण्यातून हत्ती, लाकूड, मध आणि लाख मिळे. डोंगरांवरचे किल्ले दोन्हींचे रक्षण करीत. भूमीच्या या दोन प्रकारांची सांगड हेच या राज्याचे बळ होते.

त्याने प्रत्येक गड जिंकून तेथील प्रमुखाला देशोधडीला लावले असते, तर एवढा विस्तीर्ण डोंगराळ मुलूख त्याला सांभाळता आला नसता. गड त्या त्या प्रमुखाकडे ठेवावा, त्याने राजाचे आधिपत्य मानावे, कर द्यावा आणि युद्धप्रसंगी माणसे पाठवावीत, ही जुनी रीत या राज्यात चालू राहिली. पुढे दुर्गावतीच्या काळाविषयी अबुल फजल सांगतो, की तिच्या ताब्यातील लागवडीखालच्या २३,००० गावांपैकी १२,००० गावांत तिचे स्वतःचे अधिकारी होते आणि उरलेली गावे त्यांच्या मुखियांच्या हाती असून ते मुखिये तिच्या आज्ञेत होते. राजाचा थेट कारभार आणि स्थानिक प्रमुखांचा कारभार यांची ही विभागणी एका पिढीत झाली असेल असे वाटत नाही. तिचा पाया बावन्न गड एकत्र आणताना घातला गेला, असे मानणे योग्य ठरेल.

यानंतर इ.स. १५३२ हे साल येते. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने माळव्याकडील रायसेनच्या बळकट किल्ल्यावर स्वारी केली. त्या मोहिमेत अमानदासाने सुलतानाला साहाय्य केले. रायसेन पडल्यावर सुलतानाने त्याला संग्रामशहा ही पदवी दिली, असे अबुल फजल लिहितो. तेव्हापासून अमानदास हे नाव मागे पडले आणि इतिहासाने त्याला संग्रामशहा म्हणूनच ओळखले. त्याच्यानंतर दलपतशहा, चंद्रशहा, मधुकरशहा, हृदयशहा अशी नावे या घराण्यात रूढ झाली. दास हे नामान्त जाऊन शहा हे आले. नावातील हा लहानसा बदल फार बोलका आहे. एका कुळाचा प्रमुख आता शेजारच्या सुलतानांच्या पंक्तीत बसणारा राजा झाला होता.

जगाच्या इतिहासात याच्याशी मिळतेजुळते एक उदाहरण आढळते. युरोपातील फ्रान्स देशाला ज्यांच्यावरून नाव मिळाले, त्या फ्रँक लोकांच्याही निरनिराळ्या टोळ्या होत्या आणि प्रत्येक टोळीला आपला राजा होता. इ.स. ४८१ मध्ये क्लोव्हिस नावाचा तरुण त्यांपैकी एका टोळीचा राजा झाला. त्याने पराक्रमाने आणि कपटानेही इतर टोळ्यांच्या राजांना नाहीसे करून सर्व फ्रँकांना एका राज्याखाली आणले. एका शेजारच्या राजपुत्राला पित्याचा वध करण्यास त्यानेच चिथावले, अशी कथा ग्रेगरी नावाच्या बिशपाने काही पिढ्यांनंतर लिहून ठेवली आहे. क्लोव्हिसनेही केवळ तलवारीवर भिस्त ठेवली नाही. त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इ.स. ५०८ मध्ये पूर्वेकडील रोमन सम्राटाकडून मानाचे पद मिळविले, पॅरिस ही राजधानी केली आणि आपल्या लोकांचे कायदे लिहवून घेतले. इ.स. ५११ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याच्या चार पुत्रांनी राज्य वाटून घेतले. तरी त्याने स्थापिलेले राजघराणे पुढे दोन शतकांहून अधिक काळ टिकले. क्लोव्हिस आणि संग्रामशहा यांच्यात एक हजार वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही दोघांच्या वाटेवरच्या खुणा सारख्या दिसतात. विखुरलेल्या कुळांचे एकत्रीकरण, हातून घडलेली वा घडविलेली रक्ताची पापे, बाहेरच्या मोठ्या सत्तेकडून मिळविलेली पदवी आणि त्यानंतर आपल्या नावाने उभी केलेली चिरस्थायी चिन्हे, असा हा क्रम आहे.

संग्रामशहाच्या अशा चिन्हांत त्याची नाणी सर्वांत महत्त्वाची. विक्रम संवत १६०० म्हणजे इ.स. १५४३ हे वर्ष असलेले त्याचे सोन्याचे नाणे उपलब्ध आहे. त्या काळी स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे म्हणजे आपण कोणाचे मांडलिक नाही हे जाहीर करणे होय. बाजारात फिरणारे नाणे राजाचे नाव तेथवर नेते, जेथे राजा स्वतः कधी जात नाही. संग्रामशहाने या नाण्यावर आपल्या नावाबरोबर आपला वंशही कोरविला, आणि तो वंश आहे पुलस्त्याचा.

पुलस्त्य ऋषी हे पुराणकथांप्रमाणे रावणाचे आजोबा. गोंड समाजात स्वतःला रावणवंशी म्हणविण्याची परंपरा होती. तत्कालीन राजे आपले नाते सूर्यवंशाशी किंवा चंद्रवंशाशी जोडण्याची धडपड करीत. संग्रामशहाने सुलतानाने दिलेली पदवी घेतली, संस्कृत विद्येला आश्रय दिला. पण आपण कोणाचे, हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या समाजाच्या परंपरेतील पूर्वज निवडला आणि त्याला सोन्यावर मान दिला. पुढच्या पिढ्यांतील रामनगरच्या शिलालेखात मात्र हा पुलस्त्यवंश मागे पडून यादवरायाची वंशावळ पुढे आलेली दिसते. एकाच घराण्याने दोन काळांत आपली ओळख दोन प्रकारे सांगितली. त्यावरून संग्रामशहाच्या निवडीतील ठामपणा अधिकच उठून दिसतो.

दुसरे चिन्ह म्हणजे चौरागड. आजच्या नरसिंहपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या उंच पठारावर, त्याने हा किल्ला उभारला. तेथून नर्मदेचे खोरे दूरवर न्याहाळता येते. राज्याचा खजिना ठेवण्यासाठी आणि संकटसमयी आश्रयासाठी याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण होते. दमोहकडील सिंगोरगडाचेही महत्त्व याच काळात वाढले. उत्तरेला सिंगोरगड, मध्ये गढा आणि दक्षिण-पश्चिमेला चौरागड, अशी ही राज्याची भक्कम बैठक होती.

तिसरे चिन्ह पाण्याचे. गढ्याच्या आसपास ग्रॅनाइटचा कठीण खडक आहे. पावसाचे पाणी त्यात सहज मुरत नाही; टेकड्यांवरून ते वेगाने वाहून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई भासते. पण याच टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात योग्य ठिकाणी बांध घातला, की तेच वाहून जाणारे पाणी अडते आणि वर्षभर पुरते. संग्रामसागर हा अशाच युक्तीने टेकड्यांच्या कुशीत निर्माण झालेला तलाव आहे. त्याच्यामागून दुर्गावतीच्या काळात राणीताल, चेरीताल, आधारताल असे तलाव झाले आणि जबलपूर हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांपैकी काही तलाव कालांतराने बुजले आणि त्यांची केवळ नावे मोहल्ल्यांना उरली. जे उरले आहेत ते पाहिले, तर राजाने प्रजेकडून घेतलेल्या कराचा काही अंश प्रजेच्या घागरीत कसा परत येत असे, ते समजते.

तलावाजवळच्या बाजनामठाविषयी एक लोककथा सांगितली जाते. एका मांत्रिक साधूने राजाला भैरवाच्या पूजेस बोलाविले. राजाचा बळी देऊन सिद्धी मिळवावी असा त्याचा कपटी बेत होता. राजाला संशय आला. नमस्कार कसा करायचा ते आधी तुम्हीच दाखवा, असे त्याने साधूला सांगितले आणि साधू वाकताच त्याचाच शिरच्छेद केला. प्रसन्न झालेल्या भैरवाने राजाला विजयाचा वर दिला. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. मात्र लोकांनी आपल्या राजाची जी प्रतिमा मनात जपली ती तिच्यातून कळते. दरबारी इतिहासकाराने त्याला पित्याचा घात करणारा म्हणून रंगविले, तर गढ्याच्या लोकांनी त्याला सावध, चतुर आणि देवाची कृपा लाभलेला राजा म्हणून लक्षात ठेवले.

संग्रामशहाला विद्येचेही प्रेम होते. रसरत्नमाला हा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे. मिथिलेसारख्या दूरच्या प्रदेशातील पंडितांना गढ्याच्या दरबारात आश्रय मिळत असे. अरण्याने वेढलेल्या या राज्याला बाहेरचे लोक रानटी समजत. त्या समजुतीला गढ्याच्या राजाने दिलेले हे उत्तर होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने आपला पुत्र दलपतशहा याचा विवाह राठ-महोब्याच्या चंदेल राजाची कन्या दुर्गावती हिच्याशी करून दिला. खजुराहोची मंदिरे उभारणाऱ्या चंदेलांचे वैभव तेव्हा ओसरले होते. पण त्यांच्या कुळाची प्रतिष्ठा कायम होती. गोंड राजपुत्र आणि चंदेल राजकन्या यांचा हा विवाह म्हणजे मान्यतेच्या त्या दीर्घ उद्योगाचे अखेरचे फळ होते. ज्या अमानदासाला एकेकाळी डोंगरांत तोंड लपवावे लागले होते, त्याच्या घरी आता प्राचीन राजकुळातील सून आली.

संस्थापकाच्या कार्याची खरी परीक्षा त्याच्या मृत्यूनंतर होते. संग्रामशहानंतर दलपतशहा गादीवर आला, पण काही वर्षांतच तो निवर्तला. त्याचा पुत्र वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. जुन्या व्यवस्थेत असा प्रसंग आला असता, तर बावन्न गडांचे बावन्न धनी झाले असते. तसे झाले नाही. दुर्गावतीने बालराजाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि गडांच्या प्रमुखांनी तो मानला. आता निष्ठा एका पराक्रमी पुरुषावर नव्हती. ती राज्यावर होती. संग्रामशहाचे सर्वांत मोठे यश कोणते असे विचारले, तर या शांतपणे झालेल्या सत्तांतराकडे बोट दाखवावे लागेल.

इ.स. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. २४ जून १५६४ रोजी नरई येथील लढाईत जखमी झालेल्या दुर्गावतीने शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मृत्यू पत्करला. त्यानंतर चौरागड पडला आणि वीरनारायणही लढताना मारला गेला. संग्रामशहाने जमविलेला खजिना आसफखानाच्या हाती लागला. अबुल फजल सांगतो, की तेथे सोन्याच्या मोहरांनी भरलेले हंडे आणि १,००० हत्ती मिळाले. आसफखानाने त्यांपैकी केवळ २०० हत्ती बादशहाकडे पाठविले व उरलेली लूट स्वतःजवळ ठेवली. राज्याची समृद्धी केवढी होती आणि ती एकाच ठिकाणी साठविण्यात धोका कोणता होता, या दोन्ही गोष्टी या प्रसंगातून दिसतात.

पुढे संग्रामशहाचा दुसरा पुत्र चंद्रशहा याला अकबराने राजा म्हणून मान्यता दिली, परंतु त्यासाठी दहा गड मुघलांना द्यावे लागले. राज्य लहान झाले, पण नष्ट झाले नाही. हृदयशहाच्या काळात राजधानी रामनगरला व नंतर मंडल्याला गेली. इ.स. १७४२ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मंडल्यावर स्वारी केली. त्या युद्धात राजा महाराजशहा पडला. इ.स. १७८१ च्या सुमारास सागरच्या मराठ्यांनी गोंड सत्तेचा शेवट केला आणि पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. इ.स. १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतले. मराठी भाषकांची कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या पूर्वजांचा या भूमीशी आलेला संबंध एका जुन्या राज्याच्या अस्ताशी जोडलेला आहे, हे मराठी वाचकाने प्रांजळपणे ध्यानात ठेवले पाहिजे.

या घराण्याचा शेवटचा तेजस्वी अध्याय इ.स. १८५७ मध्ये लिहिला गेला. राज्य कधीच गेले होते. राजा शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांच्याजवळ थोडीशी जमीन आणि कुळाचे नाव एवढेच उरले होते. इंग्रजांविरुद्ध उठावाचा बेत केल्याच्या आरोपावरून १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात त्या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. गडही नव्हते आणि नाणीही नव्हती, तरीही लोक त्यांना राजा मानीत होते, म्हणूनच इंग्रजांना त्यांची भीती वाटली. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी संग्रामशहाने जी मान्यता कष्टाने मिळविली होती, ती अशा रीतीने राज्यापेक्षाही अधिक काळ टिकली.

संग्रामशहाचे मूल्यमापन करताना त्याच्या थोरवीने त्याचा अपराध झाकू नये आणि अपराधाने थोरवी नाकारू नये. पित्याचा वध ही गोष्ट कोणत्याही तराजूत हलकी ठरत नाही. बावन्न गड, सोन्याचे नाणे किंवा भरलेला तलाव यांच्या बदल्यात ती माफ होत नाही. पण अपराधी माणसाला पुढचे आयुष्य उरतेच, आणि त्या आयुष्याचे काय करायचे हे त्यालाच ठरवावे लागते. अमानदासाने एका रात्री जे मोडले ते त्याला पुन्हा जोडता आले नाही. त्यानंतरच्या वर्षांत मात्र त्याने विखुरलेले गड जोडले, डोंगर आणि खोरे जोडले, आपल्या समाजाची परंपरा आणि बाहेरची विद्या यांना एका दरबारात आणले. संग्रामसागराचे पाणी आजही टेकड्यांच्या सावलीत आहे. त्याच्या काठी उभे राहणाऱ्याने या राजाच्या चरित्राच्या दोन्ही बाजू आठवाव्यात. इतिहासाने त्या दोन्ही आपल्या हाती दिल्या आहेत.